सिंगापूरहून पत्र : ‘फक्त तिकिटांसाठी?’

यंदा गणपतीत नाशिकला होतो. आरती झाली, पानं वाढली, आणि दाजींनी विचारलं, "तुमच्याकडचे ते मंत्री सुटले ना हो? पण त्यांनी नेमकं केलं होतं काय?" मी सांगितलं. फॉर्म्युला वनची तिकिटं, फुटबॉलच्या सामन्यांची तिकिटं, लंडनच्या नाटकांची तिकिटं, व्हिस्की आणि वाइनच्या बाटल्या, गोल्फचं साहित्य, घडी घालता येणारी एक ब्रॉम्प्टन सायकल, विमानप्रवास, एका रात्रीचं हॉटेल. दाजींनी अर्धा मोदक ताटात ठेवला. "फक्त तिकिटांसाठी? एवढ्याशासाठी माणसाला वर्षाची शिक्षा?"

पंगतीत कोणालाच हा प्रश्न वावगा वाटला नाही. मला वाटला, आणि त्या रात्री झोप लागेना, कारण वीस वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच विचारलं असतं. दाजींना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते आता लिहून काढतो आहे.

सिंगापूरचा तो मंत्री, एस. ईश्वरन, काही कोपऱ्यातला नव्हता. तमिळ कुटुंबातला, अर्थशास्त्र शिकलेला, १९९७ पासून संसदेत. व्यापार-उद्योग, माहिती-दळणवळण आणि २०२१ पासून वाहतूक अशी खाती त्यानं सांभाळली. २००८ साली मरीना बेच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली, ती इथं आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. शर्यतीचे हक्क ओंग बेंग सेंग या हॉटेलसम्राटाकडे. सरकारच्या बाजूनं वाटाघाटी करणाऱ्यांत ईश्वरन, समोर ओंग. दोघांची मैत्रीही होती. सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे, पण ते समजायला मला बराच वेळ लागला.

आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. एक, सिंगापूरमध्ये मंत्र्यांना एवढा पगार देतात की कोणी खातच नाही. पगार खरंच मोठा आहे: नव्या मंत्र्यासाठी ठरवलेला वर्षाचा आकडा ११ लाख सिंगापूर डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये. तरीही ईश्वरननं घेतलं. सात कोटी मिळवणाऱ्याला फुकटचं तिकीट नको होतं असं नाही. दुसरा समज, इथं छडी आहे, फाशी आहे, म्हणून धाक आहे. पण या प्रकरणात धाक वगैरे दिसलाच नाही. दिसली ती एक प्रवासी यादी.

भ्रष्टाचारविरोधी ब्युरो २०२३ मध्ये शर्यतीच्या तिकिटांचं वेगळंच प्रकरण तपासत होता. त्यात ओंगच्या खासगी विमानाची प्रवासी यादी हाती लागली आणि तीत मंत्र्याचं नाव निघालं. डिसेंबर २०२२ मध्ये तो त्या विमानानं दोहाला गेला होता, एक रात्र राहिला आणि बिझनेस क्लासनं परत आला. सगळा खर्च ओंगचा. यादी ब्युरोकडे गेल्याचं कळल्यावर ईश्वरननं परतीच्या प्रवासाचं बिल स्वतःहून मागून घेतलं आणि सुमारे ५,७०० डॉलर भरले. पाच महिन्यांनी! हे पैसे भरणं हाच पुढं न्यायात अडथळा आणण्याचा गुन्हा ठरला. दाजींना सगळ्यात अवघड गेलं ते हेच. "अहो, पैसे भरले ना शेवटी?" भरले, दाजी, पण पकडले जाऊ असं दिसल्यावर.

जुलै २०२३ मध्ये अटक झाली. पगार महिना ८,५०० डॉलरवर आणला गेला. जानेवारी २०२४ मध्ये २७ आरोप ठेवले गेले, मार्चमध्ये आणखी आठ. त्यानं मंत्रिपद आणि पक्ष सोडला, आधीच्या काही महिन्यांचा पगारही परत केला. आरोप मात्र नाकारले. खटला उभा राहिला तो २४ सप्टेंबर २०२४ ला. दोनच दिवसांपूर्वी रविवारी शर्यत झाली होती. सर्वोच्च न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर सेंट अँड्र्यूज रोड आहे, आणि शर्यतीच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. त्या दिवशी मी तिकडून चालत गेलो. ज्यानं ही शर्यत आणली त्याचा न्याय तिच्या आवाजाच्या टप्प्यात व्हावा, हे मला आत कुठेतरी लागलं. त्या दिवशी ईश्वरननं पाच आरोपांत गुन्हा कबूल केला. एकूण मिळालेल्या गोष्टींची किंमत चार लाख तीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे अडीच कोटी रुपये. त्यातले तीन लाख ऐंशी हजार त्यानं सरकारला भरले. सरकारी वकिलांनी सहा-सात महिने मागितले होते. न्यायमूर्ती व्हिन्सेंट हूंग यांनी बारा दिले. पद जितकं मोठं तितका दोष मोठा, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. ७ ऑक्टोबरला तो शिक्षा भोगायला स्वतःहून हजर झाला.

आता दाजींच्या प्रश्नाचा गाभा. लाचेचे दोन आरोप सरकारी पक्षानं आयत्या वेळी बदलले आणि उरलं ते दंडसंहितेचं कलम १६५. ज्याच्याशी आपल्या कामाचा संबंध येतो अशा माणसाकडून सरकारी नोकरानं किंमत न देता मौल्यवान वस्तू घेतली, की गुन्हा झाला. बदल्यात त्यानं काय काम करून दिलं, हे सिद्ध करावं लागत नाही. आणि हे कलम आपलं आहे! मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० साली भारतीय दंडसंहिता आली, तीच पुढं इंग्रजांनी इकडच्या वसाहतीत लावली. सिंगापूरनं कलमाचा आकडाही बदलला नाही. आपण १९८८ मध्ये ही कलमं दंडसंहितेतून काढून नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात नेली. तिथंही ती तरतूद आहे, अकराव्या कलमात. पण २०१८ पासून अधिकाऱ्याच्या सरकारी निर्णयाची चौकशी सुरू करायलाच आधी मंजुरी लागते.

कायदा आहे, मग आपल्या तोंडी तो प्रश्न का नाही? आपण विचारतो, "बदल्यात काय दिलं?" काम झालं नसेल तर ती भेट, झालं असेल तर चहापाणी. मागच्या वर्षी गावच्या जमिनीच्या फेरफारासाठी मी चार वेळा एका कार्यालयात गेलो. चौथ्या वेळी एक सज्जन गृहस्थ हळूच म्हणाले, कागदावर वजन ठेवा, नाहीतर उडून जातो. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, काळजी होती. मला मदतच करत होते ते. मी वजन ठेवलं नाही, फेरफार अजून झालेला नाही, आणि घरचे मला हट्टी म्हणतात. मोठ्या माणसाचं तर विचारूच नका. आरोपी जामिनावर सुटला की जेसीबीतून फुलं उधळतात. ती उधळणारी पोरं माझ्याच गावची, हुशार, कष्टाळू आहेत. त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही की यात शरम वाटण्यासारखं काही आहे.

महाराष्ट्रात हे कायम असंच होतं, असं मी मानत नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सिमेंट आणि देणग्यांच्या प्रकरणात ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला. लोक हादरले होते. पण पुढं १९८८ पर्यंत हा खटला कुठल्या न्यायालयात चालावा यावरच सर्वोच्च न्यायालयात निर्णय होत राहिले. शिक्षा झाली नाही, आणि पुढं ते केंद्रात मंत्रीही झाले. ते दोषी होते की नव्हते, ते लोकांना वेळेत कळलंच नाही. ईश्वरनचं अटकेपासून शिक्षेपर्यंत पंधरा महिन्यांत आटोपलं.

हे वाचून कोणी सिंगापूरला स्वर्ग समजू नये. १९५९ पासून इथं एकच पक्ष सत्तेत आहे आणि ब्युरो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली येतो. मंत्र्याला अटक झाली हे लोकांना तीन दिवसांनी कळलं, त्याआधी फक्त तो ब्युरोला तपासात मदत करतो आहे आणि ‘रजेवर’ आहे, एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे संध्याकाळपर्यंत पानाच्या टपरीवर चर्चा रंगली असती, आणि मला ती टपरी इथं फार आठवते. कॉफीच्या दुकानातही माणसं आवाज खाली घेऊन बोलत. ऑगस्ट २०२५ मध्ये ओंगला दुर्धर आजारामुळे तुरुंगाऐवजी ३०,००० डॉलर दंड झाला, तेव्हाही कुरकुर दबक्या आवाजातच झाली. लोकांनी मोठ्यानं विचारावं असं मला वाटतं, इथंही.

माझे वडील जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते. दिवाळीत ठेकेदारांचे डबे यायचे. वडील ते उघडू देत नसत. सायकलच्या कॅरिअरला बांधून मलाच परत द्यायला पाठवत. रस्ताभर काजूकतलीचा वास यायचा आणि मी त्यांच्यावर चिडलेला असायचो. त्या पंगतीत ते कोपऱ्यात बसले होते, आता ऐकू कमी येतं. दाजींचं बोलणं त्यांना अर्धंच कळलं असावं. हात धुताना त्यांनी मला थांबवून विचारलं, "त्या माणसानं सायकल परत केली का रे?"

मी म्हटलं, केली नाही, सरकारनं जप्त केली.

"मग उशीर झाला," ते म्हणाले, आणि टॉवेल शोधायला आत गेले.