गारगोटीची घडण : हातोडा कशाचा असावा?

टोकदार साधनाचा नुसता दाब देऊन, म्हणजे आघात न करता, दगडाचा छिलका सोडवण्याची जी दाबपद्धत, तिचे विवेचन या लेखांकात व्हावयाचे होते. परंतु शहापूरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याआधी सोडवणे आवश्यक असल्याने तो विषय पुढील आठवड्यावर गेला आहे. तापीच्या पात्रातील कॅल्सेडोनीचा गोटा घरच्या लोखंडी हातोडीने फोडला असता त्याचा चुरा का होतो, आणि लोखंड हाताशी असताना नदीतल्या गोट्याने ठोकण्याचा आग्रह कशासाठी, असा तो प्रश्न आहे. नवशिक्याचे अपयश पुष्कळदा हातात नसून हातातल्या साधनात असते, आणि हत्यारे घडवण्याची हत्यारे हा या विद्येचा सर्वांत उपेक्षित भाग असल्याने त्याला एक अख्खा लेखांक देणे योग्यच ठरेल.

कॅल्सेडोनी, जास्पर आणि चर्ट हे सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचे दगड असून ठरावीक थरांतून दुभंगण्याचा गुण त्यांच्यात नसतो. त्यामुळे आघाताच्या बिंदूपासून तडा शंकूच्या आकारात आत पसरत जातो. खिडकीच्या काचेवर छर्रा आदळल्यास मागच्या बाजूने जो शंकू निखळून पडतो तो याच नियमाने पडतो, आणि दोन पृष्ठभागांच्या स्पर्शातून उद्भवणाऱ्या ताणाचे गणित १८८१ मध्ये मांडणाऱ्या हाइनरिख हर्ट्झ यांच्या नावाने तो ओळखला जातो. छिलक्याच्या आतल्या अंगावर दिसणारा फुगवटा, ज्याला आघातकंद म्हणतात, तो या शंकूचाच अंश होय. हातोड्याचे काम एवढेच की असा एकच शंकू, गाभ्याच्या, म्हणजे ज्यावरून छिलके काढायचे त्या दगडाच्या, काठाजवळ, नेमक्या जागी उमटवावा. सुताराच्या हातोडीचे सपाट पोलादी तोंड खडबडीत दगडाला एकाच वेळी अनेक ठिकाणी टेकते, प्रत्येक ठिकाणी तडा सुरू होतो, हे तडे एकमेकांना छेदतात आणि गाभ्याची कड, जिच्यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते, चिरडून जाते. गोल गोट्याचा स्पर्श मात्र लहानशा जागेपुरता असतो, आणि म्हणूनच तो सरस ठरतो.

असा गोटा बुऱ्हाणपूरच्या राजघाटाजवळ शोधणे अवघड नाही, मात्र निवड पारखून करावी लागते. वायूच्या पोकळ्या असलेला, स्थानिक बोलीत मांजऱ्या म्हटला जाणारा बेसॉल्ट वर्ज्य समजावा, कारण तो चार आघातांत भुगा होतो. घट्ट पोताचा, एका टोकाकडे निमुळता आणि मुठीत मावणारा काळा गोटा घ्यावा, आणि दुसऱ्या दगडावर हलके ठोकून त्याचा आवाज ऐकावा. आवाज खणखणीत आला तर गोटा अखंड आहे, बद्द आला तर आत चीर आहे. मोठा गोटा गाभा फोडण्यासाठी आणि लहान गोटा कड सारखी करण्यासाठी, असे दोन तरी जवळ असावेत. कड घासून बोथट करण्याकरिता वाळूच्या दगडाचा एखादा तुकडा पुरतो. कड घासणे म्हणजे धार घालवणे असे नवशिक्याला वाटते, परंतु पातळ कड आघात पेलू शकत नसल्याने ती आधी बळकट करणे अपरिहार्य असते.

पातळ आणि लांब छिलके हवे असतील तर दगडाहून मऊ हातोडा लागतो, आणि येथे पाश्चात्य ग्रंथांचे अनुकरण निरुपयोगी ठरते. ते सांबरवर्गीय प्राण्यांच्या शिंगाची शिफारस करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराची जंगलात गळून पडलेली शिंगेही उचलून घरी ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फ्रान्समधील पुरातत्त्वज्ञ फ्रांस्वा बोर्द यांनी प्रयोगांसाठी बॉक्सवुड या कठीण लाकडाचा दांडका वापरला होता. निमाड-खानदेशच्या जंगलांतील अंजन हे देशातील सर्वांत जड लाकडांपैकी एक असून त्याचा गाभा पाण्यात बुडतो. रीतसर मिळालेल्या अंजनाच्या तुकड्याचा वीतभर दांडका त्या जागी आजमावून पाहण्याजोगा आहे.

परंतु शहापूरच्या प्रश्नाचे खरे उत्तर खंबायतेत आहे. गुजरातेतील रतनपूरच्या खाणींमधून निघणारा अकीक मूळचा दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेला, म्हणजे तापीकाठच्या गोट्यांचा सख्खा भाऊ. त्याचे मणी खंबायतेचे कारागीर आजही घडवतात. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर तापवतात, ज्यामुळे तो अधिक सुरेख फुटतो. त्यानंतर कारागीर जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार लोखंडी सळईसमोर बसतो, दगडाची कड सळईच्या टोकाला टेकवतो आणि समोरच्या बाजूने म्हशीच्या शिंगाचा, बारीक लवचीक दांड्यावर बसवलेला हलका हातोडा मारतो. छिलका हातोड्याच्या बाजूने न सुटता सळईच्या बाजूने सुटतो. लोखंड येथे आहेच, पण ते स्थिर आहे आणि हलते ते शिंग. स्पर्शाचा बिंदू आघातापूर्वीच निश्चित झालेला असल्याने नेम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. लोखंड वाईट नसून त्याची जागा चुकलेली असते, हे या व्यवस्थेवरून स्पष्ट होते. पुरातत्त्वज्ञ व्हॅलेंटीन रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खंबायतेच्या कारागिरांच्या हातोड्याचे त्वरण यंत्राने मोजले, आणि त्यांना अकीकाऐवजी काचही घडवायला दिली. निष्णात कारागिरांनी आघात लगेच हलका केला, कमी कसलेल्यांना तो तितका बदलता आला नाही. कौशल्य ताकदीत नसते, हे याहून चांगल्या रीतीने क्वचितच सिद्ध झाले असेल. काचेला हलकाच आघात लागत असल्याने बाटलीचा जाड तळ हे नवशिक्याचे उत्तम सरावसाहित्य ठरते.

दाबपद्धतीच्या साधनाची तयारी मात्र याच आठवड्यात करून ठेवता येईल. अर्थिंगसाठी मिळणारी आठ गेजची, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार बोटभर कापून, ऐरणीवर थंडच ठोकून कडक करावी आणि कानशीच्या लाकडी मुठीत पक्की बसवावी. तांबे ठोकल्याने कडक होत असले तरी दगडापेक्षा मऊच राहते, आणि म्हणूनच ते कडेवरून न घसरता तिला पकडून धरते. बलुचिस्तानातील नौशारो येथील हडप्पाकालीन पात्यांवरून फ्रेंच अभ्यासकांनी तांब्याच्याच टोकाचा निष्कर्ष काढला आहे. नर्मदाकाठच्या महेश्वर-नावडातोडी येथील ताम्रपाषाणयुगीन पात्यांविषयी पुरातत्त्वज्ञ बी. सुब्बाराव यांनी १९५५ मध्ये काय दाखवून दिले, ते पुढे येईल. तळहाताखाली धरण्यासाठी जाड चामड्याचा तुकडाही हवा.

फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीबाबत निष्काळजीपणा अक्षम्य आहे. मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांना आणि खंबायतेच्या अकीक घासणाऱ्यांना ज्या सिलिकोसिसने ग्रासले तो फुप्फुसाचा रोग बरा होत नाही; त्यामुळे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा आणि धूळरोधक मुखपट्टी लावूनच करावे, आणि छिलके घरात झाडू नयेत. ते तापीच्या पात्रातही टाकू नयेत, कारण या खोऱ्यात प्राचीन सूक्ष्मास्त्रे, म्हणजे लहान पात्यांची हत्यारे, खरोखरच सापडतात आणि नवा कचरा उद्याच्या संशोधकाची दिशाभूल करील; सगळे छिलके एकाच खड्ड्यात, चालू वर्षाच्या एखाद्या नाण्यासह पुरावेत. पात्रात जुने हत्यार दिसल्यास ते उचलू नये, जागा टिपून पुरातत्त्व विभागाला कळवावे.