व्हिडिओ कन्व्हर्ट होत नाही? आधी क्रेटमध्ये काय आहे ते बघा



धंद्यासाठी व्हिडिओ आता सगळेच काढतात. इंदापूरचे नर्सरीवाले डाळिंबाच्या रोपांचा, बारामतीचे स्टुडिओवाले लग्नाचा, भिगवणचे होडीवाले उजनीच्या पाण्यातल्या फ्लेमिंगोंचा. मोबाईलवर सगळं छान दिसतं. पण तीच फाईल जुन्या कॉम्प्युटरवर टाकली की आवाज येतो, पडदा मात्र काळा! कन्व्हर्टरही एरर देतो. आणि गिऱ्हाईक संध्याकाळी व्हिडिओ न्यायला येणार असतं.

मग आपण काय करतो? 'एमओव्ही' खोडून 'एमपी४' लिहितो. याने काहीच होत नाही. एमपी४ हे नुसतं क्रेटचं नाव आहे. लेबल बदललं म्हणून आतलं डाळिंब बदलत नाही. आतला माल कसा दाबून भरलाय, ती पद्धत म्हणजे कोडेक.

२००३ साली आलेला एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, जागा बरीच कमी घेतो, म्हणून नवे फोन तो वापरतात. जुन्या मशीनला तो उलगडता येत नाही. गोची इथेच आहे.

आता क्रमाने करा:

१. मूळ फाईल फोनमधून डिलीट करू नका. लग्नातली वरात परत निघत नाही.

२. फाईल कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' बघा. तिथे कोडेकचं नाव दिसेल.

३. व्हीएलसीमध्ये नीट चालली, तर फाईल शाबूत आहे, अडचण कोडेकची. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. 'फास्ट १०८०पी३०' निवडा, एच.२६४ मधली एमपी४ तयार होईल. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून पुन्हा करा.

४. व्हीएलसीमध्येही उघडत नसेल, तर बहुधा फाईलच अर्धवट आहे. कॉपी मध्येच तुटली असेल, तर फोनमधून केबलने पुन्हा घ्या. शूटिंग चालू असताना बॅटरी गेली असेल, तर कन्व्हर्टर कितीही बदला, उपयोग नाही. तिथे फाईल दुरुस्त करणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि तरी खात्री नसते.

अनोळखी साइटवरचे 'कोडेक पॅक' मात्र उतरवू नका. व्हायरस आला तर बिलांचा हिशोबही जाईल.

पुढच्या वेळी हा ताप नको असेल, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', मग 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवा. जागा जास्त लागेल, पण डोकेदुखी वाचेल.

आणि ऑर्डर घेतानाच विचारा, "दादा, व्हिडिओ कुठं लावणार? मोबाईलवर, की टीव्हीला पेन ड्राईव्ह लावून?" टीव्ही म्हणाले तर पेन ड्राईव्ह आधी स्वतः एका टीव्हीला लावून बघा, मगच हातात द्या. गिऱ्हाईकाला कोडेक कळत नाही. व्हिडिओ लागला की नाही, एवढंच कळतं, आणि पुढची ऑर्डर त्यावरच ठरते.