विदर्भातील मँगनीज : देशांतर्गत खनिजसाठ्यांचे सामरिक मूल्य

प्रस्तावना :
राष्ट्राच्या औद्योगिक सामर्थ्यात खनिजसंपत्तीचे स्थान मूलभूत आहे. मात्र भूगर्भातील साठा म्हणजेच सामर्थ्य, असे समीकरण मांडता येत नाही. उत्खनन, खनिजाची प्रतवाढ आणि धातुनिर्मिती या तिन्ही टप्प्यांवर देशाचे नियंत्रण असेल, तरच त्या साठ्यास सामरिक मूल्य प्राप्त होते. विदर्भातील मँगनीजच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल.

मँगनीजची अपरिहार्यता :
पोलादातील गंधकाचा लोहाशी संयोग झाल्यास तप्त अवस्थेत पोलाद ठिसूळ बनते. मँगनीज गंधकास स्वतःशी बांधून घेते, तसेच अतिरिक्त ऑक्सिजन काढून टाकण्यास मदत करते. या कार्यासाठी त्यास समाधानकारक पर्याय नाही. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग असो वा सैन्याचे वाहन, त्यातील पोलाद मँगनीजवर अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा :
नागपूर, भंडारा व लगतच्या बालाघाट जिल्ह्यांतील साठ्यांचे उत्खनन करण्यासाठी १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. या ब्रिटिश कंपनीच्या काळात मनसर, कांद्री, चिखला यांसारख्या खाणींतील खनिज प्रामुख्याने कच्च्या स्वरूपात परदेशी जात असे. शीतयुद्धाच्या प्रारंभी, १९४८-४९ च्या सुमारास, सोव्हिएत संघाने अमेरिकेचा मँगनीजपुरवठा घटविला, तेव्हा अमेरिकेने भारताकडे मोर्चा वळविला. एका खनिजाचा राजनैतिक अस्त्र म्हणून वापर कसा होतो, हे यातून दिसले. १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन होऊन शासनाकडे ५१ टक्के भागभांडवल आले. १९७७ मध्ये उर्वरित ४९ टक्केही शासनाने घेतले. नागपूर येथे मुख्यालय असलेली ही कंपनी आज ‘मॉईल’ म्हणून ओळखली जाते. डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग विद्युतघटांत होतो.

सद्यःस्थिती :
एकेकाळचा निर्यातदार भारत आज दक्षिण आफ्रिका, गॅबन आदी देशांतून मँगनीज खनिज आयात करतो. पोलादाची वाढती मागणी आणि उच्च प्रतीच्या देशी खनिजाची कमतरता ही यामागील प्रमुख कारणे होत. मार्च २०२४ मध्ये ‘मेगन’ चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंडचा धक्का निकामी केला. निर्यात थांबली आणि जागतिक बाजारात भाव कडाडले. राष्ट्रीय पोलाद धोरण २०१७ नुसार २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमता गाठावयाची असल्याने हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निष्कर्ष :
आयात पूर्णतः थांबविणे हे उद्दिष्ट व्यवहार्य नाही. पुरवठा खंडित झाल्यास उद्योग तगून राहील एवढी देशी क्षमता राखणे आवश्यक आहे. त्यासाठी निम्न प्रतीच्या खनिजाच्या प्रतवाढीवर संशोधन व्हावे. खाणीचा भार स्थानिक जनतेवर पडतो. म्हणून २०१५ च्या कायदेदुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी खाणबाधित गावांपर्यंत पोहोचणे तितकेच अगत्याचे आहे. स्थानिकांच्या सहमतीविना चालणारी खाण आयातीइतकीच बेभरवशाची ठरते.