यंत्रसहायकाच्या माहितीभांडारातील दुबार पाने

पिकासंबंधीचा प्रश्न आता मोबाइलवर मराठीतून विचारता येतो. राज्याच्या कृषि विभागाने २०२५ साली ‘महाविस्तार’ हे ॲप सुरू केले असून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक आहे. असा कोणताही सहायक स्वतः शेत पाहत नाही. त्याच्यापुढे ज्या पुस्तिका, पत्रके व परिपत्रके ठेवलेली असतात, त्यांतून तो उत्तर जुळवितो. म्हणून हे भांडार कसे राखावे, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. तो विस्तार कार्यकर्त्यांचाही आहे.

एकाच शिफारशीची अनेक पाने होण्यास आपल्याकडे कारणे पुष्कळ आहेत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला; त्यापूर्वीच्या पत्रकांत वसमत व कळमनुरी हे तालुके परभणी जिल्ह्याखाली सापडतात. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या नावात २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. त्यामुळे तेच पत्रक दोन संस्थांचे असावे असे दिसते. शिवाय कोणी हेक्टरी लिहितो, कोणी एकरी. सोयाबीनचे बियाणे एका पानावर हेक्टरी ६५ किलो व दुसऱ्यावर एकरी २६ किलो लिहिले असेल, तर ती दोन मते नव्हेत, एकच होय. परंतु दोन्ही पाने पुढ्यात आल्यावर यंत्राने एकाचा आकडा व दुसऱ्याचे माप उचलले, तर एकरी ६५ किलोचा सल्ला निघावयास वेळ लागणार नाही.

हे कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. भांडारातील प्रत्येक पानाचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या ओळीत मांडतात. प्रश्न आला की त्याच्याशी अर्थाने जवळचे मोजकेच, समजा पाच, तुकडे निवडून सहायकापुढे येतात. या पाचांपैकी चार जागा एकाच पत्रकाच्या चार प्रतींनी अडविल्या, तर उपयोगाचे नवे पत्रक बाहेर राहते. दुसरे असे की, जे चार ठिकाणी लिहिलेले दिसते, ते यंत्रास अधिक खात्रीचे वाटू शकते. चार प्रती म्हणजे चार साक्षीदार नव्हेत, हे त्यास आपण होऊन कळतेच असे नाही.

वसमतच्या हळदीचे उदाहरण घेऊ. कंदमाशीसाठी पूर्वीच्या शिफारशींत दाणेदार फोरेट असे. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटचा वापर बंद झाला. ते अत्यंत विषारी आहे. जुन्या पत्रकाच्या तीन प्रती भांडारात राहिल्या, तर बंदी घातलेले विष पुन्हा शेतकऱ्याच्या हातात जाण्याची भीती आहे. येथे चूक यंत्राची म्हणण्यापेक्षा भांडाराच्या राखणदारीची म्हणावी लागेल.

मग जुनी पाने सरसकट पुसावीत काय? तसे करू नये. एखादा शेतकरी विचारतो, “घरात जुने फोरेट पडून आहे, हळदीला टाकू का?” भांडारात फोरेटचे नावच उरले नसेल, तर सहायक मौन धरील, किंवा अन्यत्र शिकलेली जुनी गोष्ट सांगेल. म्हणून जे एक पान कायम ठेवावयाचे, त्यात फोरेटवर बंदी आहे, ते वापरू नये, असे स्पष्ट वाक्य घालावे.

कायम ठेवण्याचे पान निवडताना ते किती मोठे आहे हे पाहू नये. शिफारस कोणी केली व केव्हा केली, ते पाहावे. भांडारात पान चढविल्याची तारीख फसवी असते: पंचवीस वर्षांपूर्वीची पुस्तिका काल चढविली, तर तिच्यावर कालचीच तारीख पडते. निवडलेल्या पानात इतर पानांतील उपयुक्त मजकूर आणावा, आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्दही आणावेत. ‘कंद’ व ‘गड्डा’ हे दोन्ही शब्द पानात असले, तर ‘गड्डा सडतो’ असे विचारणाऱ्यासही ते हाती लागते. नंतर जुन्या पानावर ‘रद्द’ असा शेरा, दिनांक व नव्या पानाचा पत्ता लिहून ते दप्तरी ठेवावे. मात्र त्याचे तुकडे शोधयादीतून काढलेच पाहिजेत. शेरा माणसास दिसतो. सुटा तुकडा शेऱ्यावाचून यंत्राच्या हाती पडतो. पूर्वी तयार करून साठविलेली उत्तरेही त्याच वेळी काढावीत. जुना पत्ता उघडल्यास नवे पान यावे, कारण तो पत्ता गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो.

सारखी दिसणारी सर्वच पाने दुबार नसतात, हेही सांभाळावे. सरी-वरंब्यावरील हळद व गादीवाफ्यावरील हळद यांच्या पानांतील बहुतेक वाक्ये सारखी असतील. पण लागवडीचे अंतर व पाणी देण्याची पद्धत वेगळी. यंत्राने साम्य दाखवावे, रद्द करण्याचा निर्णय मात्र त्या पिकाच्या जाणकाराने दोन्ही पाने समोर ठेवून घ्यावा.

काम आटोपल्यावर तेच प्रश्न पूर्वी व नंतर विचारून उत्तरे ताडून पाहावीत. सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत येथील शेतकरी ज्या बोलीत विचारतात, त्याच बोलीत ते विचारावेत. हळद लागवडीच्या हंगामापूर्वी, एप्रिल अखेरपर्यंत, ही तपासणी उरकणे सोयीचे पडते.