कांताब्रींचा मुलूख आणि मातीचा दाखला

स्पेनच्या उत्तर किनाऱ्याला समांतर धावणाऱ्या ज्या पर्वतराजीत एब्रो नदीचा उगम आहे, आणि दक्षिणेच्या पठारावरून चढून येणाऱ्या फौजेस जेथील प्रत्येक खिंड लढून घ्यावी लागे, तेथे दोन सहस्र वर्षांपूर्वी कांताब्री नावाच्या टोळ्यांचा मुलूख होता. या लोकांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांच्याविषयी जे लिखित उरले आहे ते ग्रीक व रोमन ग्रंथकारांचे, म्हणजे जेत्यांच्या दप्तरातले आहे.

भूगोलकार स्ट्रेबो सांगतो, की हे डोंगरी लोक वर्षाचे दोन तृतीयांश दिवस ओक वृक्षाची फळे वाळवून, कुटून, दळून केलेल्या भाकरीवर काढीत, आणि कांताब्रींमध्ये हुंडा पुरुष देत, वारसा कन्यांकडे जाई व भावांची लग्ने बहिणी लावून देत. ही स्त्रीसत्ता त्यास सुसंस्कृतपणाचे लक्षण वाटली नाही. परंतु त्याने नापसंतीसह का होईना ही नोंद केली, याबद्दल आपण त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

रोमशी त्यांचे युद्ध इ.स.पू. 29 मध्ये पेटले. इ.स.पू. 26 मध्ये खुद्द सम्राट ऑगस्टसने सेगिसामा येथे छावणी दिली. याच मोहिमेत रात्रीच्या कूचाच्या वेळी त्याच्या पालखीस चाटून वीज कोसळली, पुढे मशाल धरून चालणारा गुलाम जागीच ठार झाला, आणि बचावलेल्या सम्राटाने रोमला परतल्यावर गर्जणाऱ्या जुपिटरचे मंदिर उभारले. पुढे तो आजारी पडून तार्राको येथे गेला, आणि इ.स.पू. 25 मध्ये शांततेची द्वाही फिरवून जेनसच्या मंदिराची द्वारे बंद करण्यात आली. वस्तुतः शांतता नव्हतीच. गुलाम म्हणून विकले गेलेले कांताब्री धन्यांना मारून स्वदेशी परतले व पुन्हा डोंगर अडवून बसले. तेव्हा त्यांच्यावर चालून गेलेल्या रोमन सेनापती अग्रिप्पाला आधी आपल्याच थकल्याभागल्या, बेदिल झालेल्या शिपायांना ताळ्यावर आणावे लागले. इ.स.पू. 19 मध्ये त्याने शस्त्र धरण्याच्या वयाचे जवळजवळ सारे पुरुष कापून काढले, उरलेल्यांना निःशस्त्र करून सपाटीवर उतरवले, आणि सिनेटने देऊ केलेली विजययात्रा नाकारली.

हे सारे लेखणीचे दाखले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून मात्र मातीही साक्ष देऊ लागली आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. पास व बेसाया या नद्यांच्या दरम्यानच्या धारेवर, एस्पिना देल गायेगो येथे, कांताब्रींचा तटबंद डोंगर आणि त्याच्या आसपास सिल्दा व एल कांतोन येथील रोमन छावण्या उजेडात आल्या. अशा शोधात विमानातून केलेली लायडार मोजणी आता फार उपयोगी पडते. लेसरची लक्षावधी स्पंदने भूमीकडे सोडली जातात. प्रकाश जाऊन परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर निघते. बहुतेक किरण पानांवरूनच परततात, तथापि जे थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात तेवढेच निवडून, वरचे रान गणिताने उतरवून, उघड्या भूमीचा नकाशा तयार होतो. चालणाऱ्याच्या नजरेस न येणारा, झिजून हातभर उरलेला मातीचा बांध त्या नकाशात तिरप्या कृत्रिम उजेडाने सावली टाकतो. गोलाई दिलेले कोपरे, आणि द्वारापाशी शत्रूची उघडी बाजू तटाकडे यावी म्हणून आत वळवलेला बांध, यांवरून तो रोमनांचाच हे ओळखता येते. नंतर त्या जागी सापडणारे लोखंडी बाण व शिपायांच्या वहाणांचे खिळे ती ओळख पक्की करतात.

या छावण्यांच्या जागा बारकाईने पाहिल्या, की फौज दऱ्या टाळून डोंगरांच्या धारांवरून पुढे सरकत होती, हे कळते. दरीत उतरले तर वरून घाला पडे. म्हणून रसदीचे हाल सोसून, सुमारे हजार मीटर उंचीवर, वाऱ्यात व धुक्यात सहस्रावधी माणसांना मुक्काम करावे लागले. ज्यांची गणना लुटारूंत झाली, त्यांच्यासाठी जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला एवढा बंदोबस्त करावा लागला, ही गोष्ट कोणत्याही रोमन ग्रंथापेक्षा ते बांध स्पष्टपणे सांगतात.

पुढे एब्रोच्या उगमाजवळ जुलिओब्रिगा हे रोमन नगर वसले. रोमन सैन्याच्या चौथ्या लिजनची कुरणे कोठे संपतात आणि नगराची शेते कोठून सुरू होतात, हे कोरलेले सरहद्दीचे दगड त्या परिसरात सापडले आहेत. कांताब्रींच्या भूमीची वाटणी आता सम्राटाच्या नावाने होऊ लागली होती.