ट्रकच्या धुराची परीक्षा

बालमित्रांनो, परीक्षा फक्त आपल्यालाच असते असं तुम्हाला वाटतं ना? चुकताय बरं का! तुमच्या दारावरून घरघरत जाणाऱ्या ट्रकलाही परीक्षा असते. कुणाला वर्षातून एकदा, तर कुणाला दर सहा महिन्यांनी. त्याच्या परीक्षेत एकच विषय असतो : धूर.

आमची शाळा खालापूर तालुक्यात आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा गावातली जुनी माणसं म्हणाली, चला, आता आपला रस्ता मोकळा झाला. तो मोकळा काही झाला नाही. खोपोलीच्या कारखान्यांचा माल, खडी, सिमेंट, लोखंड घेऊन ट्रक येतात नि जातात. मी फळ्यापाशी शिकवत असते आणि बाहेर एखादा ट्रक गिअर बदलतो. मग मी वाक्य अर्धंच सोडते. ट्रक पुढे गेला की मुलं मला आठवण करून देतात, "बाई, तुम्ही 'म्हणून' पर्यंत आला होतात."

गेल्या हिवाळ्यात आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करू शकता. पांढऱ्या जाड कागदाचे दोन तुकडे घेतले, त्यांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवला. एक तुकडा रस्त्याकडच्या खिडकीला लावला आणि दुसरा मागच्या, शेताकडच्या खिडकीला. आठ दिवसांनी काढून पाहिले. मागचा कागद पिवळट, मातकट झाला होता. पुढच्यावर मात बारीक काळे ठिपके होते, बोटाने पुसले की काजळासारखे पसरणारे. आता ही सगळी काजळी ट्रकचीच, असं म्हणणं बरोबर होणार नाही. आमच्याकडे वीटभट्ट्या आहेत, चुली आहेत, भाताचं तूस जाळणारेही आहेत. पण दोन कागदांत जो फरक पडला, तो रस्त्याच्या बाजूने पडला, एवढं तर दिसतंच!

कागद पाहून सगळी मुलं आरडाओरड करत होती. एक मुलगा मात्र गप्प होता. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आमच्या बाबांचा ट्रकपण काळा धूर सोडतो. पण बाबा वाईट नाहीत."

त्याच्यासाठी म्हणून मी हा विषय शिकायला बसले. दुचाकीच्या पलीकडे मला गाडीतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

डिझेल इंजिनाचा शोध रुडॉल्फ डिझेल यांनी लावला. त्यांचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ साली जर्मनीत तयार झालं. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो, डिझेलच्या इंजिनात तो नसतो. मग डिझेल पेटतं कसं? सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना? हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात ती इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो.

सगळी मेख आहे ती या फवाऱ्यात आणि हवेत. फवारा बारीक असेल आणि हवा पुरेशी असेल, तर डिझेल नीट जळतं. नोझल झिजून फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागले, एअर फिल्टर धुळीने चोंदला किंवा हवा तेवढीच ठेवून डिझेल जास्त सोडलं, तर ते अर्धवट जळतं. मग उरते ती काजळी. तोच काळा धूर. (धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय असं समजा. थंडीत सकाळी गाडी सुरू करताना पांढरा धूर येतो, त्याची गोष्ट वेगळी.)

आता आपल्या घाटाकडे या. खोपोलीहून लोणावळ्याला जायचं म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटर वर चढायचं. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा सांगतात. ड्रायव्हरकाका तिथे नाणं टाकून पुढे जातात. भरलेला ट्रक या चढाला दम टाकतो. मागून गाड्यांचे हॉर्न, अंगातून घाम, आणि मालकाचा फोन, "पोचलास का?" मग कुणीतरी सांगतं, पंप वाढवून घे.

पंप वाढवायचा म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं सेटिंग कारखान्याने ठरवलं त्यापेक्षा वाढवायचं. जुन्या गाड्यांत हे काम एका स्क्रूवर होतं. डिझेल जास्त गेलं की जोर वाढतो, ट्रक चढ झपकन चढतो. पण हवा काही वाढलेली नसते! त्या मुलाच्या बाबांच्या ट्रकचं हेच झालं होतं. ट्रक २०१८ सालचा, मालक दुसराच, बाबा नुसते ड्रायव्हर. पंप वाढवला मेकॅनिकने, पैसे दिले मालकाने आणि शिव्या खाल्ल्या बाबांनी.

हा धूर नुसता कपडे काळे करत नाही. त्यातले बरेच कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा! असे कण नाकातल्या केसांना चुकवून थेट फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आणि या धुराच्या सर्वांत जवळ कोण बसतं? ड्रायव्हर आणि क्लीनर.

मग परीक्षा कशी घेतात? पीयूसी केंद्रावर एक यंत्र असतं, स्मोक मीटर. ट्रक न्यूट्रलमध्ये उभा करतात, इंजिन चांगलं तापू देतात. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात आणि मग रेस झटकन पूर्ण दाबतात. असं काही वेळा करून सरासरी काढतात. यंत्रात एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डोळा असतो. मधून धूर जातो. धुराने किती प्रकाश अडवला, त्यावर मार्क! या मोजणीला हार्टरिज एकक म्हणतात. शून्य म्हणजे स्वच्छ हवा, शंभर म्हणजे मिट्ट काळोख. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ पर्यंत सूट आहे, बीएस-चार गाड्यांना ५०. आपल्या परीक्षेच्या उलट आहे, नाही का? इथे मार्क जितके कमी तितका हुशार.

हा नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे, ११५ क्रमांकाचा. नवीन गाडीला पहिलं वर्ष माफ. नंतर जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि बीएस-चार व बीएस-सहा गाड्यांना दर वर्षी हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

'बीएस' म्हणजे भारत स्टेज. ही गाड्यांची इयत्ताच म्हणा ना! बीएस-चार सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून आपण पाचवीत न बसता एकदम सहावीत गेलो. इंधनही बदललं. बीएस-चारच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे ५० भाग चालत, बीएस-सहाच्या डिझेलमध्ये जास्तीत जास्त १०.

सहावीतल्या ट्रकांना आणखी एक गंमत असते. त्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी दिसेल. ड्रायव्हरकाका तिला युरियाची टाकी म्हणतात, आणि ते खरंच आहे! शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. हे पाणी धुरात फवारलं की त्यातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. (भातशेतीचा युरिया घालून चालत नाही हं, त्यातल्या अशुद्ध पदार्थांनी यंत्रणा बिघडते.) टाकी रिकामी राहिली तर गाडीतला संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. यावर काहींनी शोधलेली पळवाट म्हणजे संगणकाला 'युरिया फवारला जातोय' असं खोटंच सांगणारी एक डबी.

थोडक्यात, कॉपी! आणि कॉपी करणारे केवळ गल्लीतले मेकॅनिक नसतात. फोक्सवॅगन ही जर्मनीची केवढी मोठी कंपनी. तिने आपल्या डिझेल मोटारींत अशी आज्ञावली बसवली होती की गाडीला परीक्षा चालू आहे हे ओळखू यायचं. तेवढ्यापुरतं ती शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की पहिले पाढे पंचावन्न. २०१५ साली अमेरिकेत हे उघड झालं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे चौकशी केली ती घाटापलीकडच्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने. कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे ती. त्यानंतर कंपनीने भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंडही ठोठावला.

आपल्या पीयूसीतही एक उणीव आहे, ती मला खटकते. परीक्षा घेतात ती उभ्या, न्यूट्रलमधल्या ट्रकची. घाटात वीस टन ओझं घेऊन पहिल्या गिअरमध्ये तो कसा वागतो, हे त्यात कळत नाही. शिवाय नायट्रोजन ऑक्साइडला तर त्यात मार्कच नाहीत. आणि ट्रक न नेता नुसता कागद मिळवून देणारेही भेटतात. त्या मुलाच्या बाबांच्या खिशातला कागद अगदी वैध होता आणि ट्रक मात्र काळा धूर ओकत होता!

कायदा म्हणाल तर कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने बनवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. बदल करायलाच बंदी आहे असं नव्हे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची आरसी बुकात नोंद करून घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराची मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसन्सही तीन महिने जातं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

एका सकाळी आरटीओच्या वायुवेग पथकाने बाबांचा ट्रक अडवला. धूर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. बाबा घरी आले ते न जेवताच झोपले, असं मुलाने मला सांगितलं. लायसन्स गेलं असतं तर तीन महिने चूल कशावर पेटणार होती? पालकांनो, हे तुमच्यासाठीही लिहिते आहे. आपण 'ट्रकवाले' म्हणून सगळ्यांना एकाच दोरीत ओवतो. पंप वाढवायचा निर्णय, गाडीत भरायच्या मालाचं वजन आणि पोचायची वेळ या तीनही गोष्टी पुष्कळदा स्टिअरिंगवर बसलेल्याच्या हातात नसतात.

त्या वेळी ताकीद आणि दंडावर निभावलं. मालकाने कुरकुरत का होईना, ट्रक पंप-नोझलवाल्याकडे लावला. नोझल बदलली, पंप कारखान्याच्या मापावर आणला, एअर फिल्टर नवा टाकला. मग खरोखरची परीक्षा झाली, सायलेन्सरमध्ये नळी घालून. मुलगा बाबांबरोबर गेला होता. यंत्रातून निघालेला कागद त्याने मला आणून दाखवला. आकडा पन्नासच्या आत होता. सगळ्या वर्गाने तो कागद हाताळला.

"मग आता बाबा खूश असतील," मी म्हणाले.

तो थोडा थांबला. "डिझेल कमी लागतं म्हणतात, बाई. पण घाट चढायला आता जास्त वेळ लागतो. म्हणून रात्री उशिरा येतात. मी झोपलेला असतो."