मदरबोर्डचे स्क्रू आणि अर्थिंगविषयीचे गैरसमज

संगणक जोडणाऱ्या पुष्कळ कारागिरांचा असा दृढ समज असतो की मदरबोर्ड पत्र्याच्या कॅबिनेटपासून सर्वथा अलिप्त राखला पाहिजे, आणि म्हणून ते प्रत्येक स्क्रूखाली तांबडा फायबर वॉशर मोठ्या इमानाने बसवितात; वस्तुतः त्या छिद्रांभोवती कथिलाचा मुलामा दिलेले जे वलय मुद्दाम उघडे ठेवलेले असते, ते बोर्डाचा ग्राउंड पितळी स्टँडऑफमार्फत कॅबिनेटला मिळावा याच हेतूने. शॉर्टचे खरे भय, बोर्डाला छिद्र नसलेल्या जागी चुकून राहिलेल्या स्टँडऑफचे असते.

मग सगळे स्क्रू कशाला, एक लांब हिरवी तार पुरे, असे कोणी म्हणेल. 50 हर्ट्झला ते खरे आहे, आणि ध्वनिवर्धकात गुणगुण टाळण्यासाठी एकाच बिंदूवर ग्राउंड जोडण्याची जुनी रीत आजही योग्यच आहे. परंतु बोटावरील स्थिर विद्युत यूएसबीच्या तोंडाशी उतरते तेव्हा ती नॅनोसेकंदाच्या आत उसळते, आणि अशा वेगात 10 सेंटिमीटर तारही अडसर ठरते, कारण 100 मेगाहर्ट्झला तिचा अवरोध सुमारे 60 ओहम भरतो. आखूड, रुंद आणि अनेक जोड हाच त्यावर बंदोबस्त. जोडाखाली रंग मात्र नसावा.

पृथ्वी वीज गिळून टाकते, हीही एक लाडकी कल्पना. प्रवाह जेथून निघाला तेथेच परततो; एरवी उपग्रहातील यंत्रे चाललीच नसती.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या, टेस्टर मंद उजळला, की संगणक बिघडला असे ठरवून लोक नाहक दुकानात धाव घेतात. वीजपुरवठ्याच्या पेटीत फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून कॅबिनेटकडे एकेक लहान कपॅसिटर बहुधा असतो; अर्थची तार तुटलेली असली म्हणजे पत्रा 230 व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे 115 व्होल्टवर तरंगतो, प्रवाह मात्र सामान्यतः एका मिलिअँपिअरहूनही कमी. दोष भिंतीत आहे, यंत्रात नव्हे. यावर तिसरी पिन कापण्याची तजवीज करणे हा शुद्ध अविचार होय, कारण पुढे कधी फेजची तार आत पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही आणि संपूर्ण 230 व्होल्ट त्या पत्र्यावर तसेच राहतील. तेव्हा वाचकहो, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तार खरोखर पोचली आहे की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्या.